महिपताची जीभ

देवरूखच्या बाजारात महिपत मांडवकर या नावाने चौकशी केलीत, तर दहातले आठ जण खांदे उडवतील. 'सगुणाकाकीचा नवरा' म्हणून विचारलंत, तर मधल्या वाडीतल्या घराच्या पायरीपर्यंत आणून सोडतील आणि वाटेत यंदाचं लोणचं तयार झालं का, तेही विचारून घेतील. एखाद्या पुरुषाला ही ओळख झोंबली असती. महिपताला कधी झोंबली नाही. एस.टी.त कुणी अशी ओळख करून दिली, की तो जागा करून द्यायचा आणि विचारायचा, "काय नेलं व्हतंत? कैरीचं की करवंदाचं?" उत्तर ऐकून अशी मान डोलवायचा, की जसं काही ते त्यानेच घातलं होतं.

खरं तर त्याने लोणचं कधी घातलं नव्हतं. त्याचं काम एकच, चाखायचं.

आता चाखणं हेही काम असतं का, असं वाटेल. त्यासाठी सगुणेचं माहेर ठाऊक हवं. डोंगरापलीकडच्या गावात ग्रामदेवीच्या नैवेद्याचा मान तिच्या घराण्याकडे. नऊ वर्षांची असताना तिला आजीने चुलीपुढे बसवलं आणि पहिला धडा दिला, की देवीच्या आधी आपली जीभ लावायची नाही. मीठ बघून घालायचं, आमटी झाली का ते उकळीच्या आवाजावरून ओळखायचं, पण चमचा तोंडात घालायचा नाही. पोर शिकली. इतकी शिकली, की नैवेद्य असो वा साधी पेज, रांधताना काही चाखायचं म्हटलं तर तिचा हात तोंडापर्यंत उचलतच नसे. लग्न होऊन मांडवकरांकडे आली ती ही सवय घेऊनच. सासू यमुनाबाई आधी हसली, मग तीच चाखून सांगू लागली. सगुणा स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायची, तेव्हा कुठे तिला आपल्या हातची चव कळायची. पण तोवर दुसऱ्या कुणी तरी निकाल देऊन टाकलेला असायचा.

महिपत तेव्हा मुंबईला. फोर्टातल्या एका कचेरीत त्याने एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली. चहा सांग, फाइल ने, साहेब आहेत का बघ. या एकतीस वर्षांत 'महिपत, तुला काय वाटतं?' असं त्याला एकदाही कुणी विचारलं नाही. मे महिन्याच्या रजेवर गावी आला, की मात्र सगुणा ताज्या लोणच्याचा चमचा त्याच्यापुढे धरायची. यमुनाबाई म्हणायची, लेकाची जीभ माझ्याहून तिखट आहे. ते खरंच होतं. मोहरी जुनी आहे, हिंग दुसऱ्या दुकानातला आहे, कैरी उतरवून दोन दिवस पडून होती, हे सगळं तो डोळे मिटून सांगायचा. जाताना एक बरणी मुंबईला न्यायचा. डब्याच्या वेळेला कचेरीतल्यांनी त्या बरणीत बोटं घातली आणि पुढच्या मे महिन्यात सहा बरण्यांची मागणी आली. मग वीस. मग साहेबाच्या बायकोने चाळीस सांगितल्या. सगुणेच्या धंद्याचा जन्म असा झाला, दुपारच्या सुट्टीत, तिच्या माघारी.

सात वर्षांपूर्वी यमुनाबाई गेली. त्याच वर्षी महिपत निवृत्त होऊन घरी आला आणि दारातच थबकला. त्याच्या खाटेच्या जागी लोखंडी मांडणी उभी होती आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत बरण्या. खाट पडवीत काढलेली. माजघरात वजनाचा काटा, झाकणं घट्ट करायचं यंत्र, लेबलांचे गठ्ठे. मागीलदारी पत्र्याची नवी शेड. डोंबिवलीला दिलेली मुलगी शमिका फोनवर मागण्या घ्यायची आणि शेजारची दमयंती रोज सकाळी कामाला यायची. महिपत पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. बायको मे महिन्यात चाळीसेक बरण्या घालते, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गेल्या रजेनंतर हा सगळा पसारा तिने कधी मांडला, हे त्याला कळलंच नव्हतं.

"आता मी काय करू गो?" त्याने विचारलं. विचारताना तो भेदरला होता, हे कबूल करायला हवं.

"हात धुवा," सगुणा म्हणाली आणि करवंदाच्या लोणच्याचा चमचा त्याच्यापुढे धरला. त्याने चाखलं, डोळे मिटले, जरा वेळ घेतला.

"झाकू?" तिने विचारलं.

"झाक."

तेव्हापासून हा नेम झाला. प्रत्येक घाण्याला महिपत पाटावर बसायचा, सगुणा चमचा द्यायची आणि विचारायची, झाकू? तो झाक म्हणाला, की झाकणं लागायची. नको म्हणाला, की शेडमधलं सगळं काम थांबायचं. बाकी तो पोती उचलायचा, देवरूखला जाऊन एस.टी.च्या पार्सलात खोके चढवायचा, लेबलं चिकटवायचा, आणि ती हमखास तिरकी चिकटवायचा. ती कामं कुणीही केली असती. 'झाक' म्हणायचा मान त्याचा एकट्याचा होता. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी मत विचारलं नाही, त्याच्या एका शब्दावाचून आता बरणी बंद होत नव्हती. तो या शब्दावर जगत होता म्हटलं तरी चालेल.

या वर्षी माघात त्याला ताप आला. पाच दिवस फणफणला. सहाव्या दिवशी सकाळी अंग हलकं वाटलं म्हणून उठून चहा घेतला, तर चहात साखर नाही.

"साखर इसरलीस."

"दोन चमचे घातलीय," सगुणा चुलीकडून म्हणाली.

त्याने पुन्हा घोट घेतला. गरम पाणी. तो उठला, मांडणीवरची उघडी बरणी घेतली आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण चव नाही. आंबट नाही, खारट नाही. मिठाच्या डब्यातली चिमूट तोंडात टाकली. वाळू. गूळ खाल्ला. मेण. हिंगाची डबी नाकाशी धरली आणि जोरात श्वास ओढला, तर नुसती हवा आत गेली. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि तोंडात गूळ तसाच धरून राहिला. कधी तरी गोड लागेल म्हणून गूळ विरघळून संपेपर्यंत तो वाट बघत होता.

लेबलं आणायच्या निमित्ताने तो देवरूखला डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं काही जणांना. येईल परत. कधी? ते सांगता येत नाही. महिन्यात येईल, वर्षही लागेल.

हे त्याने घरी सांगायला हवं होतं. तुम्हीआम्ही सांगितलं असतं, निदान सांगितलं असतं असं आपण म्हणतो. महिपताने सांगितलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत तो गप्प राहिला, आणि गप्प राहायला आणखीही एक कारण होतं. जीभ गेली म्हटल्यावर त्या घरात त्याचं काय उरत होतं? तिरकी लेबलं.

मग त्याने युक्त्या काढल्या. सगुणेने चमचा दिला, की तो अर्धा खाऊन उरलेला दमयंतीपुढे धरायचा. "घे गो, तूपण बघ." आणि दमयंतीच्या तोंडाकडे टक लावून बसायचा. दमयंतीचा चेहरा म्हणजे उघडं दार, आतलं सगळं दिसायचं. तिने मिटक्या मारल्या, की हा 'झाक' म्हणायचा. एकदा करवंदाच्या घाण्याला तिने किंचित भुवई उचलली, तर याने लगेच सांगितलं, गूळ जरा कमी पडलाय. आणि खरोखरच कमी पडला होता. त्या दिवशी सगुणा कौतुकाने म्हणाली, ह्यांच्या जिभेला तोड नाय. महिपत अंगणात जाऊन उगाच झाडांना पाणी घालत राहिला.

एकदा मात्र तो सापडता सापडता वाचला. सगुणा आमटीत मीठ घालायला विसरली आणि याने दोन वाट्या ओरपल्या. मागून ती जेवायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"आवो, आळणी आमटी तुमी गुमान खाल्लीत?"

"बीपीला बरी असते," महिपत म्हणाला. तिने मिठाचा डबा ओढला आणि आमटीत चिमूट टाकली.

चैत्र संपता संपता शमिकाचा फोन आला. तिच्या सोसायटीतल्या मंडळाला पंचवीस वर्षं पुरी होत होती. प्रत्येक घराला भेट म्हणून कैरीच्या लोणच्याची एकेक बरणी द्यायची ठरली होती. एकशे चाळीस बरण्या. लेबलावर ठळक अक्षरांत 'सगुणा मांडवकर, देवरूख' असं नाव. इतकी मोठी मागणी आजवर आली नव्हती आणि इतकी माणसं एकाच दिवशी तिचं लोणचं उघडणार, असंही कधी झालं नव्हतं. त्या दिवशी सगुणेने मांडणीवरच्या सगळ्या बरण्या उतरवून पुन्हा पुसल्या.

फोडी मोठ्या पिंपात भरल्या गेल्या त्या सकाळी शमिकाचा लेबलाबद्दल फोन आला आणि सगुणा तो घेऊन पुढच्या दारी गेली. फोन लांबला. दमयंतीने काकीचं काम हलकं करावं म्हणून फोडींना मीठ लावून टाकलं, नुसतं मीठ. तिच्या घरची पद्धत तशी, आज मीठ, उद्या हळद. तेवढ्यात अलोऱ्याहून तिचा भाऊ आल्याचा निरोप आला आणि ती हात धुऊन घरी पळाली. सगुणेच्या घरी मीठ-हळद एकत्रच लागते. फोन संपवून सगुणा परत आली, फोडी पांढऱ्या दिसल्या, म्हणजे राहिलंय असं समजून तिने मीठ-हळद लावली. दुसऱ्या दिवशी पिंपात पाणी जरा जास्त सुटलेलं दिसलं. यंदा कैरी रसाळ आहे, ती म्हणाली. दमयंतीला तर वाटलं, काकीने आपण लावलेलं बघून नुसती हळद लावली. दोघींपैकी कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला? शेवटी काका चाखतातच.

आठव्या दिवशी सगुणेने महिपताला हाक मारली. त्याने हात धुतले, पाटावर बसला, चमचा घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला दमयंतीपुढे धरला.

"आज संकष्टी हाय ना, काका," दमयंती म्हणाली. "उपास हाय माजा."

महिपताचा हात तसाच राहिला. समोर एकशे चाळीस बरण्या भरून उघड्या ठेवलेल्या. टेम्पो दुपारी येणार होता. त्याने फोड तोंडात घोळवली. जीभ चुरचुरली, आणखी काही कळलं नाही. त्याने रंग बघितला. रंग सुरेख होता. तेल वर आलं होतं. चाळीस वर्षांत सगुणेचं कैरीचं लोणचं कधी चुकलं नव्हतं, मग आजच कसं चुकेल?

"झाकू?"

"झाक," महिपत म्हणाला. आणि वर जोडलं, "फक्कड झालंय."

बरण्या गेल्या. कार्यक्रम झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी महिपत रिकाम्या बरण्यांचा खोका उचलून शेडमधून आत येत होता, तेव्हा सगुणा ओट्यावर फोन उभा करून शमिकाशी बोलत होती. फोन मोठ्या आवाजावर होता.

"आई, लोणचं खारट झालंय."

"कुणाचं?" सगुणेने विचारलं.

"आपलं."

सगुणा हसली. खरोखरच हसली. "कायतरी काय बोलतेस."

"दहा-बारा घरांतून मला सांगितलं गं. मला पण खरं वाटेना. मग मी माझी बरणी उघडली. तोंडात धरवत नाही, आई."

"असं व्हणारच नाय," सगुणा म्हणाली. तिचा आवाज चढला. तो कधी चढत नाही. "तुज्या बाबांनी चाखलंय ते. मी माज्या समोर चाखायला दिलंय. त्यांनी झाक म्हटल्यावर मी झाकलं. माज्या हाताची चूक व्हईल एक वेळ, त्यांच्या जिभेची व्हायची नाय. कुणीतरी खोडी काढलीय. जा, सांग त्यांना, माज्या मालकांनी चाखलंय म्हणावं."

महिपताच्या हातून खोका सुटला. तीन बरण्या फुटल्या आणि काचा पार चुलीपर्यंत गेल्या. सगुणेने वळून बघितलं, पण ती काचांकडे बघत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"शमे, फोन ठेव," महिपत म्हणाला. "मी बोलतो तुज्या आईशी."

फोन बंद झाला. तो काचा न ओलांडता पलीकडेच उभा राहिला.

"माजी जीभ गेलीय."

"म्हंजे?"

"चव लागत नाय. कसलीच. वासपण नाय. तापात गेली ती आलीच नाय."

सगुणेला वाक्य ऐकू आलं होतं, पण कळायला वेळ लागत होता.

"माघातल्या तापात?"

"व्हय."

ती खाली बसली, तिथेच, ओट्याला टेकून. मग बोटांवर मोजू लागली. "शिमग्याच्या पुरणपोळ्या. जायफळ बरोब्बर पडलंय म्हणालात."

"व्हय."

"शमी आली तवा सांदणं केली. तीन खाल्लीत. अशी पयल्यांदाच जमली म्हणालात."

"व्हय."

"काल कुळथाची पिठी केली ती?"

महिपताने होकारार्थी मान हलवली. त्याला वाटलं होतं, ती बरण्यांचं काढेल. नाव गेलं म्हणेल, एवढ्या वर्षांचं केलेलं मातीत घातलंत म्हणेल. त्याची तयारी होती. शिव्या खायचीही तयारी होती. सगुणेने त्यातलं काहीच काढलं नाही.

"मग मी तीन महिनं कोणासाठी रांधत व्हते?" तिने विचारलं.

महिपत वाकून काचा वेचू लागला. बोट कापलं, रक्त आलं, ते त्याला कळलंही नाही.

प्रत्येक घाण्यातली एक बरणी ठेवून द्यायची, अशी सगुणेची रीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंती आल्यावर तिने ती काढली आणि तिच्यापुढे धरली. दमयंतीने फोड तोंडात घातली आणि दुसऱ्या क्षणी अंगणात धावली. परत आली ती रडतच. "काकी, मीठ मी लावलं व्हतं. तुमी फोनवर व्हतात तवा. मला वाटलं, तुमी बघितलंत."

"तू लावलंस, मीबी लावलं," सगुणा म्हणाली. "दोघींचंबी बरोबरच व्हतं. रडू नको. कैऱ्या मिळतायत का बघाय हवं."

शमिकाला तिने वीस दिवस मागितले आणि सगळ्या बरण्या बदलून देऊ म्हणून कळवलं. महिपताशी मात्र ती कामापुरतं बोलत होती. पोतं इथं ठेवा. तेल आणा. जेवायला वाढायची, पण कसं झालंय ते विचारायची नाही. गेली कित्येक वर्षं ती ताटाशेजारी उभी राहून विचारायची आणि हा 'हं' करायचा. आता तो 'हं' कुणाला नको होता, आणि घासागणिक त्याला ते जाणवत होतं. कोरड्या भातासारखे दिवस गेले.

कैऱ्यांचा मोसम सरत आला होता. झाडावर राहिल्या होत्या त्या पाडाला लागलेल्या. महिपत चार दिवस डोंगरातल्या वाड्यांतून पायी हिंडला, कुठे उशिरा धरलेलं रायवळ झाड आहे का बघत. नाकाने कळत नव्हतं म्हणून प्रत्येक कैरी दाबून, नखाने टोचून, झाडागणिक एखादी कापून आतली बाठ बघून त्याने घेतली. चार पोती जमवली. फोडीही त्यानेच केल्या. चिकाने हाताची सालं निघाली. दमयंती म्हणाली, काका, मी करते थोड्या. तो नको म्हणाला. या वेळी मीठ लावताना सगुणेने पिंपावर खडूने फुली मारली. तेवढी एक नवी रीत घरात आली.

आठवा दिवस उजाडला. बरण्या भरून शेडमध्ये ओळीने मांडलेल्या. महिपत पडवीत खाटेवर बसून राहिला. आत दमयंतीच्या बांगड्या वाजत होत्या. आता चमचा तिच्यापुढे जाणार, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं आणि ते रास्तच होतं. चांगली जीभ आहे पोरीची. आपण इथे बसून खोक्यांना चिकटपट्टी लावावी. असं मनाशी म्हणताना त्याचे कान आतल्या बांगड्यांकडेच होते आणि त्याला स्वतःचा राग येत होता.

"आवो," आतून हाक आली. "हात धुतलेत काय?"

तो उठला. शेडच्या दाराशी पोचला आणि थबकला. पाट मांडलेला होता. पण एक नाही, दोन. एकावर सगुणा बसली होती, पुढ्यात पातेलं घेऊन. तिने दुसऱ्या पाटाकडे बोट केलं.

महिपत बसला. सगुणेने चमच्यात फोड घेतली. सवयीने त्याने हात पुढे केला. तो चमचा त्याच्याकडे आलाच नाही. तिने तो वर उचलला, स्वतःच्या तोंडापर्यंत नेला आणि तिथे थांबली. नऊ वर्षांची असल्यापासून जो हात रांधताना कधी तोंडाकडे गेला नव्हता, तो आज कुणी खाल्लेलं नसताना, सगळ्यांच्या आधी तोंडाशी आला होता. दमयंती आ वासून बघत होती. महिपताला वाटलं, तिला थांबवावं. सगुणेने डोळे मिटले आणि फोड तोंडात घातली.

तिने ती सावकाश चावली.

"सांगा आता," ती डोळे न उघडता म्हणाली.

"मी काय सांगू?" महिपत म्हणाला. "माला कुठं कळतंय."

"माला कुठं कळतंय?" सगुणा म्हणाली. "लागतंय सगळं. पन बरं की वाईट, ते मी कधी ठरवलंय? तुमी इचारा. मी सांगते."

महिपताने आपला पाट तिच्याकडे सरकवला.

"मीठ पयल्यांदा लागतं की मागनं?"

"मागनं. आंबट आधी."

"बरं. तिखट कुठं लागतं? जिभेच्या टोकाला की घशात?"

तिने विचार केला. "टोकाला. घशात नाय जात."

"हिंग?"

"हाय. नाकात येतोय."

"आता थांब. गिळू नको. मोहरी काय म्हणते? कडवट लागते?"

सगुणेच्या कपाळावर आठी पडली. तिने फोड एका गालातून दुसऱ्या गालात नेली. महिपत पुढे झुकला होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याची नजर हलत नव्हती.

"लागते," ती म्हणाली. "अगदी शेवटाला. जराशी."

"मोहरी ताजी दळलेली. मुरली नाय अजून."

सगुणेने डोळे उघडले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिखटाचं असेल, नसेल. टेम्पो दुपारी यायचा होता. शमिकाने सकाळपासून दोनदा फोन केला होता. एकशे चाळीस बरण्या तोंडं उघडून मांडलेल्या होत्या आणि झाकणं दमयंतीच्या मांडीवर होती.

"झाकू?" सगुणेने विचारलं.

महिपताने पातेल्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"नको," तो म्हणाला. "दोन दिवस जाऊ दे."

सगुणेने मान डोलावली आणि दमयंतीला टेम्पोवाल्याला फोन लावायला सांगितलं.